बंबखान्यातील शाळा

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. या शहरात मॅक्डोनल्ड रोड नावाचा एक रस्ता असून त्या रस्त्यावर आगीच्या बंबांचे एक ठाणे आहे. तेथे बंब रात्रंदिवस सज्ज असतात. आगीची वर्दी आली, की जवान शिरस्त्राणे चढवून धावतात आणि बघता बघता बंब रस्त्याला लागतो. याच ठाण्याच्या शेजारी आणखीही काही बंब उभे आहेत. परंतु त्यांना आता कोणीही हाक मारीत नाही. त्यांपैकी काहींना घोडे जुंपावे लागत. काहींचा पंप माणसांना हातांनी खालीवर दाबावा लागे. हे बंब जेथे ठेवले आहेत, ते स्कॉटलंडच्या अग्निशामक दलाचे वस्तुसंग्रहालय होय. २०२३ साली ते या जागी उघडण्यात आले. त्यापूर्वी हा संग्रह शहरातील लॉरिस्टन प्लेस येथील जुन्या बंबखान्यात होता.

ज्या दलाला क्षणाचीही उसंत नाही, त्याने मोडीत निघालेल्या या वस्तू इतक्या निगुतीने का जपाव्या? एका बाजूला आज धावणारे बंब आणि दुसऱ्या बाजूला दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे बंब, अशी ही जोडी एकाच ठिकाणी का मांडावी? याचे उत्तर मिळविण्यासाठी या शहराच्या इतिहासातील एका भयंकर रात्रीकडे वळावे लागते.

जुने एडिंबरो एका लांबट टेकडीच्या पाठीवर वसले आहे. जागा थोडी आणि वस्ती दाट. म्हणून लोकांनी घरांवर मजले चढविले. उतारावरच्या काही इमारती तर मागील बाजूने पाहिल्यास दहा मजल्यांहूनही उंच होत्या. एकेका जिन्यावर अनेक बिऱ्हाडे नांदत. दोन इमारतींच्या मधून चिंचोळे बोळ जात. त्यांना तेथील लोक ‘क्लोज’ म्हणतात. पुण्याच्या पेठांतील बोळ किंवा गिरगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वस्तीची कल्पना सहज येईल. दिवाबत्ती ज्योतीची, शेगडीत कोळसा आणि घराला घर लागलेले. अशा वस्तीत एके ठिकाणी पेटले, म्हणजे साऱ्या आळीने जागे व्हावे लागे.

१५ नोव्हेंबर १८२४ ची रात्र. दहाचा सुमार होता. एका क्लोजमध्ये चित्रांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराची कार्यशाळा होती. तेथे जवसाचे तेल तापत ठेवले होते. ते पेटले. तेलाच्या एका भांड्यातून निघालेली ज्वाळा छताला लागली, छतातून वरच्या मजल्यावर गेली आणि मध्यरात्रीपूर्वीच शेजारच्या इमारती धडधडू लागल्या. बंब आले, परंतु बोळ इतके अरुंद, की ते आगीजवळ नेता येईनात. पाणीही वेळेवर मिळेना.

एडिंबरोचे अग्निशामक दल त्या वेळी अगदी नवे होते. तोपर्यंत तेथील निरनिराळ्या विमा कंपन्या आपापले बंब बाळगीत. १८२४ च्या ऑक्टोबर महिन्यात नगरपालिका आणि विमा कंपन्या यांनी मिळून एकच दल उभे केले आणि जेम्स ब्रेडवुड नावाच्या तरुणास त्याचा प्रमुख नेमले. ब्रेडवुड अवघा चोवीस वर्षांचा होता. वडिलांच्या इमारतीच्या व्यवसायात तो मोजणीदाराचे काम शिकला होता. भिंत कशी उभी राहते, तुळई कोठे टेकते, जिना कशाने तोलला जातो, याचे त्याला चांगले ज्ञान होते. परंतु त्याच्या माणसांची अजून धड कवायतही झाली नव्हती, तोच हा प्रसंग त्यांच्यावर कोसळला.

पाण्याच्या टंचाईहूनही मोठी अडचण त्या रात्री वेगळीच आली. आग पाहण्यास शहरातील सारे मानकरी लोटले होते. नगराधिकारी आले, न्यायाधीश आले, विमा कंपन्यांचे अधिकारी आले. प्रत्येक जण हुकूम सोडू लागला. एक म्हणे, बंब इकडे आणा. दुसरा म्हणे, आधी तिकडची इमारत वाचवा. बंबवाल्यांनी कोणाचे ऐकावे? दल लहान, त्यात त्याची अशी ओढाताण झाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी उडत्या ठिणग्यांनी ट्रॉन चर्चचा उंच लाकडी मनोरा पेटला. त्याच्यावरील शिशाचे पत्रे वितळून खाली शिशाच्या धारा लागल्या. त्याच रात्री पार्लमेंट चौकात नव्याने आग भडकली. सर वॉल्टर स्कॉट हा प्रख्यात कादंबरीकार त्या वेळी शहरात होता. त्याने हे दृश्य प्रत्यक्ष पाहिले. आग पुरती शांत होण्यास काही दिवस लागले. तेरा माणसे प्राणास मुकली; त्यांत बंबवालेही होते. ऐन थंडीच्या तोंडावर शेकडो कुटुंबे उघड्यावर पडली.

एवढ्या मोठ्या संकटानंतर ब्रेडवुडवर ठपका ठेवून नगरपालिका मोकळी होऊ शकली असती. पुष्कळ ठिकाणी असेच होते. परंतु एडिंबरोच्या नागरिकांनी शहाणपण दाखविले. आगीच्या ठिकाणी दलाच्या प्रमुखाखेरीज कोणीही हुकूम देऊ नये, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, असा नियम त्यांनी केला. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ती शिकण्यासाठी त्या शहराला मोठी किंमत मोजावी लागली.

मग ब्रेडवुडने आपले दल घडविण्यास आरंभ केला. त्याने माणसे निवडली ती गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे आणि छपरांवर पाट्या बसविणारे कारागीर यांच्यातून. छपरावर चढण्याची या लोकांना सवय असते आणि घराची रचना त्यांना ठाऊक असते. शहराच्या चार भागांसाठी त्याने चार तुकड्या केल्या आणि त्यांना लाल, निळा, पिवळा व करडा असे रंग दिले. दूरवरून पाहूनही कोणती तुकडी कोठे आहे, हे कळावे, हा त्यातील हेतू. त्यांच्या डोक्यावर कातड्याची शिरस्त्राणे असत. त्या शिरस्त्राणाच्या मागील बाजूस कातड्याचा एक पदर मानेवर लोंबत असे. निखारे, उकळते पाणी किंवा वितळलेले शिसे गळपट्टीतून आत जाऊ नये, म्हणून ही युक्ती. ट्रॉन चर्चवरून गळणारे शिसे ज्याने पाहिले, त्याला तिची गरज कोणी समजावून सांगावी लागली नसेल!

दलाची कवायत पहाटे चार वाजता होई. वेळ मोठी चमत्कारिक खरी. पण त्यात दोन लाभ होते. त्या वेळी रस्ते मोकळे असत, आणि अंधारात काम करण्याची सवय होई. आग काही माणसांच्या सोयीची वेळ पाहून लागत नाही. पहाटेच्या अंधारात शिड्या लावाव्यात, नळ्या जोडाव्यात, पंप चालवावा, अशी मेहनत आठवड्यामागून आठवडे चाले.

हातपंपाच्या जुन्या बंबापाशी उभे राहिले, म्हणजे या मेहनतीचा अर्थ कळतो. बंबाच्या दोन्ही अंगांना लांब आडवे दांडे असतात. एका बाजूची माणसे आपला दांडा खाली दाबतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचा वर उचलला जातो. मग त्या बाजूची माणसे तो दाबतात. आत दोन नळकांडी असतात. एक पाणी ओढून घेत असते, त्या वेळी दुसरे ते बाहेर लोटीत असते. एवढ्यानेच काम भागले असते, तर पाणी पिचकारीसारखे थांबत थांबत उडाले असते. म्हणून दोहोंच्या मध्ये हवेचे एक बंद भांडे बसविलेले असते. पंपाचे पाणी त्या भांड्यात शिरले, की तेथील हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे पाण्याला एकसारखे बाहेर ढकलीत राहते. त्यामुळे धार अखंड होते. योजना सुंदर, परंतु तिला लागणारे बळ मात्र सारे माणसांच्या बाहूंचे! काही मिनिटांतच दंड भरून येत. मग दमलेल्यांच्या जागी दुसरे उभे राहत. जमलेल्या गर्दीतील लोकही दांड्याला हात लावीत. पाण्याच्या नळ्या कातड्याच्या असत. जुन्या शिवलेल्या नळ्यांच्या टाक्यांतून पाणी गळे. पुढे तांब्याचे रिबीट ठोकून त्या पक्क्या करण्यात आल्या. कातडे वाळून तडकू नये, म्हणून त्यांना वरचेवर चरबी चोळावी लागे.

असे कष्टाने मिळालेले पाणी वाया दवडणे ब्रेडवुडला पटण्यासारखे नव्हते. त्या काळी बहुतेक बंबवाले रस्त्यातच उभे राहून खिडकीत पाणी फेकीत. बाहेरून फेकलेले पाणी धुरात आणि भिंतीवर नाहीसे होते. जेथे जळत आहे तेथे ते पोहोचतच नाही. म्हणून घरात शिरून आगीच्या मुळाशी पाणी मारावे, असा ब्रेडवुडचा आग्रह असे. पण धुराने कोंदलेल्या घरात शिरावे कसे? त्याचेही त्याने नियम बसविले. एकट्याने कधी आत जाऊ नये, सोबती हवाच. धूर दाट असेल, तर ताठ उभे न राहता गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत जावे. तापलेला धूर हलका होऊन छताकडे चढतो आणि जमिनीलगत थोडी तरी श्वास घेण्याजोगी हवा शिल्लक राहते. १८३० साली ब्रेडवुडने आपला अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. बंबांची रचना, जवानांचे शिक्षण आणि आगीच्या वेळी करावयाची कामे यांचे विवेचन त्यात आहे.

ब्रेडवुडच्या शिकवणीत एक गोष्ट इतकी साधी आहे, की वाचणारा तिच्यावरून सहज पुढे निघून जाईल. आग दिसताच प्रथम दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, असे त्याचे सांगणे होते. घाबरलेला मनुष्य नेमके याच्या उलट करतो. धूर बाहेर जावा म्हणून तो खिडक्या उघडतो, आणि पळताना दारे सताड उघडी टाकतो. आग तीन गोष्टींवर जगते: जळण्यासारखा पदार्थ, पुरेशी उष्णता आणि हवा. उघडे दार म्हणजे आगीला हवेचा पुरवठा आणि पुढच्या खोलीत जाण्याची वाट. बंद दार तिची हवा तोडते आणि वाट अडविते. साधे लाकडी दारसुद्धा काही मिनिटे धूर आणि ज्वाळा थोपवून धरते. तेवढ्या मिनिटांत माणसे जिना उतरून बाहेर पडू शकतात.

ब्रेडवुड नुसता पुस्तके लिहिणारा नव्हता. एकदा एका लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली. आत बंदुकीची दारू साठविलेली आहे, असे त्याच्या कानी आले. तो त्या जळत्या दुकानात शिरला आणि दारूचे एक पिंप बाहेर घेऊन आला. पुन्हा आत गेला आणि दुसरेही घेऊन आला. त्याच्या कीर्तीमुळे १८३३ साली लंडनच्या विमा कंपन्यांनी आपल्या एकत्र दलाचे प्रमुखपद त्याला दिले. तेथे त्याने अठ्ठावीस वर्षे काम केले. वाफेचा बंब १८२९ सालीच निघाला होता. तरी लंडनच्या दलाने तो घेण्यास १८६० साल उजाडले. पाण्याचा जोरदार फवारा हाती आला, की माणसे पुन्हा बाहेर उभी राहूनच आग विझवू पाहतील, अशी ब्रेडवुडला धास्ती वाटे. हा त्याचा हट्टच म्हटला पाहिजे. शहाण्या माणसाचीही एखादी बाजू अशी असते.

२२ जून १८६१ च्या संध्याकाळी लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. या वखारींत देशोदेशींचा माल भरलेला होता: ताग, अंबाडी, कापूस, साखर, चरबी, सोरा. तागाचा आणि सोऱ्याचा मोठा पुरवठा त्या काळी हिंदुस्थानातूनच होत असे. वखारी बांधताना मालकांनी काळजी घेतली होती. एका भागातील आग दुसऱ्या भागात जाऊ नये, म्हणून मध्ये लोखंडी दारे बसविली होती. मात्र त्या दिवशी ती दारे उघडीच होती. कामाच्या धांदलीत ती लावण्याचे राहून गेले होते. आग एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. नदीला ओहोटी असल्यामुळे पाण्यावरचे बंब काठाशी येऊ शकेनात.

ब्रेडवुड आपल्या माणसांमध्ये वावरत होता. एका जवानाच्या हाताला जखम झालेली पाहून त्याने आपल्या गळ्यातील रेशमी रुमाल सोडला आणि त्याला पट्टी बांधण्यास दिला, असे सांगतात. थोड्याच वेळात वखारीची उंच भिंत कोसळली आणि ब्रेडवुड तिच्याखाली गाडला गेला. त्याचा देह ढिगाऱ्यातून काढण्यास दोन दिवस लागले. आग तर दोन आठवडे धुमसत होती. त्याच्या अंत्ययात्रेसाठी लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले.

ज्या मनुष्याने आयुष्यभर दारे लावून घ्या म्हणून सांगितले, त्याचा अंत उघड्या राहिलेल्या दारांमुळे वाढलेल्या आगीत झाला. विमा कंपन्यांना एवढे नुकसान सोसले, की दल चालविणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे त्यांनी सरकारला कळविले. १८६५ साली कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनचे अग्निशामक दल सार्वजनिक झाले. एडिंबरोच्या ज्या पार्लमेंट चौकात १८२४ साली आग भडकली होती, त्याच चौकात २००८ साली ब्रेडवुडचा पुतळा उभारण्यात आला.

टूली स्ट्रीटनंतर ८३ वर्षांनी कापूस पुन्हा एकदा घातक ठरला; आणि तो मुंबईत. महायुद्धाचे दिवस होते. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती आणि वाटेत कराचीला चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. एडिंबरोत ज्या बंदुकीच्या दारूची दोन पिंपे ब्रेडवुडने जळत्या दुकानातून बाहेर काढली, तिच्याहून कित्येक पटींनी भयंकर असा दारूगोळा येथे कापसाच्या संगतीला ठेवला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी जहाजाला आग लागल्याचे ध्यानात आले. मुंबईच्या बंबवाल्यांनी तळाशी धुमसणाऱ्या कापसावर पाण्याचे लोट सोडले. आत काय भरले आहे, हे कळल्यावरही ते मागे हटले नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा फार दूर असलेल्या शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सप्ताह असतो. या सप्ताहात ठिकठिकाणची दले लोकांना प्रात्यक्षिके करून दाखवितात.

प्रात्यक्षिक आणि संग्रहालय यांचे काम एकच. आग लागलेली असताना कोणी काही शिकू शकत नाही. त्या वेळी मनुष्य जे आधी शिकलेला असेल तेवढेच करतो. म्हणून ज्यांनी आग कधी पाहिली नाही, त्यांना ती आधीच समजावून द्यावी लागते. परंतु नुसते नियम सांगितले, तर मुले ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देतात. कातड्याचे शिरस्त्राण पाहिले, मानेवरचा तो पदर पाहिला, की ‘हा कशासाठी?’ असा प्रश्न मुलांच्या तोंडून आपोआप निघतो. मग ट्रॉन चर्चच्या मनोऱ्याची गोष्ट सांगावी लागते. एक प्रश्न निघाला, की त्यामागून दुसरा येतो.

तेलाच्या भांड्याचेच पाहावे. १८२४ ची आग कारागिराच्या जवसाच्या तेलातून निघाली. आज कारागिराचे ते भांडे नाही. पण घरोघरी चुलीवर कढई आहे. कढईतील तेल पेटले, तर त्यावर पाणी ओतण्याची इच्छा होते, आणि तीच चूक ठरते. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी जाते आणि त्या उष्णतेने तेथे त्याची एकदम वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते. ती वर उसळताना पेटलेले तेल चहूकडे उडवून देते. म्हणून शेगडी बंद करावी आणि कढईवर मोठे झाकण किंवा परात एका बाजूने सरकवीत ठेवावी. हवा तुटते, आग विझते. झाकण लगेच उचलून पाहू नये. तेल अजून तापलेलेच असते. आणि हे काम मोठ्या माणसाचे आहे. मुलांनी ओरडून मोठ्यांना बोलवावे आणि दूर व्हावे. मोठे कोणी घरात नसेल, तर बाहेर पडून शेजाऱ्यांना हाक मारावी.

हातपंपापाशी आणखी एक गोष्ट उमगते. एवढी माणसे, एवढे श्रम आणि तरी पाण्याची धार किती बारीक! आग मोठी झाल्यावर ती आटोक्यात आणणे फार कठीण, हे त्या काळच्या लोकांना दंडांच्या दुखण्यातून कळले होते. आजचा बंब पुष्कळ बलवान आहे. परंतु आगही आज पूर्वीपेक्षा लवकर पसरते. घरातील गाद्या, पडदे, प्लॅस्टिकच्या वस्तू झपाट्याने पेटतात आणि त्यांचा धूर फार विषारी असतो. आगीत पुष्कळ माणसे दगावतात ती ज्वाळेपेक्षा धुराने. झोपेत असली, तर त्यांना जागही येत नाही. म्हणून स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात धूर ओळखणारी आणि स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारी सूचक यंत्रे बसविण्याचा कायदा लागू झाला. ही यंत्रे एकमेकांशी जोडलेली असतात. एक वाजले, की साऱ्या घरातील वाजू लागतात.

यंत्र वाजले, मग पुढे? रांगत बाहेर पडावे, मागील दार ओढून घ्यावे आणि एकदा बाहेर आल्यावर कोणत्याही वस्तूसाठी परत आत जाऊ नये. पुस्तक राहिले, खेळणे राहिले, पैशाची पिशवी राहिली, तरी नाही. आत कोणी अडकले असेल, तर ते बंबवाल्यांना सांगावे. त्यांच्याजवळ शिरस्त्राण असते, श्वासासाठी हवेची टाकी असते आणि ब्रेडवुडच्या नियमाप्रमाणे एक सोबतीही असतो. आपल्याकडे अशा वेळी दूरध्वनीवर १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा लागतो. बोलताना गाव, आळी आणि जवळची खूण स्पष्ट सांगावी, आणि पलीकडचा मनुष्य ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत फोन खाली ठेवू नये. बोळातील घर असेल, तर एखाद्याने मोठ्या रस्त्यावर जाऊन बंबाची वाट पाहावी. १८२४ साली एडिंबरोचे बंब बोळाच्या तोंडाशीच अडले होते. आज आपल्या कित्येक आळ्यांत बोळाच्या तोंडाशी गाड्या उभ्या केलेल्या असतात.

संग्रहालय पाहून मुले घरी परततात, तेव्हा मोठ्या माणसांची थोडी पंचाईत होते. जिन्यात ठेवलेले जुने कपाट येथे का, असे ती विचारतात. बाहेरच्या दाराची किल्ली रात्री कोणत्या खुंटीला असते, हे पाहून ठेवतात. एकाच प्लगला किती तारा जोडल्या आहेत, ते मोजतात. आणि निजानीज होण्याच्या वेळी एखादी लहान मुलगी अंथरुणातून उठते, शेगडी बंद असल्याची आईकडून खात्री करून घेते आणि स्वयंपाकघराचे दार हळूच ओढून घेते.